सातव्या आसनावरचा पाहुणा

आमच्या विथबरीत आम्ही बारा म्हातारे आहोत आणि बसणं हे आमचं काम आहे.

पाचशे वर्षांपूर्वी इथल्या एका बिशपांना मेल्यावर एकटं पडण्याची भीती वाटू लागली. म्हणून त्यांनी कॅथेड्रलच्या मागे बारा खोल्यांचं घर बांधलं आणि त्यात बारा म्हाताऱ्यांची सोय केली. या म्हाताऱ्यांना गावात ‘बांधव’ म्हणतात. बांधवाला एक खोली, शेगडीला कोळसा, रविवारी मटण आणि एक काळा झगा मिळतो. त्याबदल्यात रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला बिशपांच्या कबरीजवळच्या बारा लाकडी आसनांवर जाऊन बसायचं. डोळा लागला तर चालतं. घोरलेलं चालत नाही.

मी सातव्या आसनावरचा, विल्फ टॅपसेल. चाळीस वर्षं कॅथेड्रलच्या छपरावर शिशाचे पत्रे ठोकले. मग बायको गेली, गुडघे गेले, आणि सात नंबरची खोली मिळाली. तिच्या खिडकीतून नदी दिसते. छपरावरूनही दिसायची, पण तिथे बसून बघायला कोण देतो?

ही खोली ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी माझ्या हातून गेलीच होती.

तो बिशपांचा दिवस होता. वर्षातून एकदा, त्या दिवशी, बांधवांची मोजणी होते. सकाळी अकराची घंटा थांबली की चोपदार चांदीची काठी घेऊन येतो, आसनांवर बसलेले झगे मोजतो आणि मोठ्याने ‘बारा’ म्हणतो. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा मोजतो, आणि तेव्हा जो ज्या आसनावर असेल त्याचं नाव वहीत चढून वर लाखेचा शिक्का बसतो. मग वर्षभर ती खोली त्याची. मोजणी एकदा जरी चुकली तरी घर, बाग, नदीकाठचं कुरण, सगळं हॅलोमिन्स्टरच्या कॅथेड्रलला जावं असं बिशपांनी लिहून ठेवलं आहे. हॅलोमिन्स्टर आमच्यापासून अकरा मैलांवर आहे आणि तिथली माणसं कशी आहेत ते मी इथे लिहीत नाही.

त्या सकाळी मी झगा घालून अंगणात उभा होतो. सहलीच्या बसमधून उतरलेला एक माणूस माझ्याकडे आला. साठी उलटलेला, गुबगुबीत, तोंडावर दोनशे मैलांचा कंटाळा.

“काय हो, इथे संडास कुठे आहे?”

बाहेरून येणारे कॅथेड्रल कुठे आहे असं कधी विचारत नाहीत. ते दिसतंच.

“चौकातला आहे, पण आज बंद आहे,” मी म्हटलं. “आमचा आतल्या ओवरीत आहे. पण तिथे झगा नसेल तर दारावरची बाई सोडत नाही. गेल्या वर्षी तिने आर्चडीकनसारख्या बड्या पाद्र्याला परत पाठवलं होतं.”

तो नुसता एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. माझ्याच्याने बघवेना. मी झगा काढून त्याला दिला आणि म्हटलं, “पाच मिनिटांत आणून द्या. घंटा सुरू व्हायची आहे.”

तो गेला. पण आमच्या ओवरीला दोन दारं आहेत. हा दुसऱ्या दाराने बाहेर पडला आणि नेमका बांधवांच्या रांगेत येऊन ठेपला. रांग मला शोधत थांबली होती. ॲम्ब्रोझ आमच्यातला सर्वांत थोरला, त्र्याण्णवचा. त्याला चेहरे दिसत नाहीत, झगे दिसतात. त्याने याची बाही धरली, “कुठे कडमडला होतास, लेका?” म्हणाला, आणि सहाच्या मागे उभं केलं. आता आपल्याकडचा माणूस आगीतून बाहेर पडेल, पण रांगेतून पडणार नाही. पुढचा चालला की हा चालतो, पुढचा बसला की हा बसतो. घंटा थांबली. चोपदार सिरिल हेबने काठी टेकवून मोजले आणि ‘बारा’ म्हणून पुकारा केला.

मी आसनांभोवतीच्या लोखंडी जाळीबाहेर शर्टावर उभा होतो.

“सिरिल,” मी जाळीतून हाक मारली. सिरिल म्हणजे माझ्याबरोबर शाळा बुडवणारा. “अरे, सातवर भलताच माणूस बसलाय!”

“पाहुण्यांनी प्रार्थना संपेपर्यंत जाळीबाहेर थांबावं,” सिरिल समोर बघत म्हणाला.

“पाहुणा? अरे मी विल्फ!”

“विल्फ आहेस ते दिसतंय मला. झगा दिसत नाही.”

प्रार्थना संपल्यावर मी रेव्हरंड थ्रॉसलना गाठलं. आमच्या घराचा कारभार त्यांच्याकडे असतो. मऊ माणूस, मऊ हात, कुणालाच नाही म्हणवत नाही, त्यामुळे त्यांच्याकडून कधी काही होत नाही.

“मोजणी बरोबर आहे, विल्फ,” ते म्हणाले. “बारा म्हणजे बारा.”

“पण त्यातला एक मी नाही!”

“बिशपांच्या नियमांच्या पाटीवर नावं कुठे आहेत? आकडा आहे. आता मी मोजणी चुकली म्हणालो तर हॅलोमिन्स्टरवाले संध्याकाळपर्यंत फर्निचर मोजायला येतील. मोजलेल्या बांधवाला मला हाकलता येत नाही. तो साडेपाचच्या आत आपणहून उठला आणि तू बसलास, तर मी काही पाहिलेलं नाही.”

“आणि नाही उठला तर?”

“तर तुझं सामान कुठे पाठवायचं तेवढं सांगून ठेव.”

मी घराकडे धावलो, म्हणजे गुडघ्यांना जमेल तितका. तोवर बांधव जेवायला बसले होते. बिशपांच्या दिवशी भाजलेलं मेंढीचं मांस आणि मनुकांचं पुडिंग असतं. माझ्या खुर्चीवर तो गृहस्थ दुसऱ्यांदा पुडिंग घेत होता. दारावरच्या बाईने मला पुढे येऊ दिलं नाही, म्हणून मी खिडकीतून बोललो.

“अहो, माझा झगा!”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुडिंगकडे. मग भिंतीवरच्या पाटीकडे, जिच्यावर लिहिलं आहे की बांधवाने पाहुण्यांशी ‘नमस्कार’ यापलीकडे बोलू नये.

“नमस्कार,” तो म्हणाला.

ॲम्ब्रोझ उठून खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, “विल्फ, ओरडू नकोस रे. आम्हा अकराजणांचं डोक्यावरचं छप्पर घालवशील. तसा माणूस बरा आहे. तुझ्यासारखा जेवताना बोलत नाही.”

इतकं बोलून त्याने खिडकी लावून घेतली.

मी चौकात आलो आणि काय करावं ते न सुचून उभा राहिलो. तिथे पार्मिंटरबाई आपली माणसं मोजत होत्या. या बाई सहलींना गाव दाखवतात. हातात मिटलेली लाल छत्री उंच धरलेली, आवाज असा की कबुतरं उडावीत.

“सदतीस! पुन्हा सदतीस! अडतीस हवेत!” त्यांचे डोळे भरून आले होते. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या हातून एक माणूस हरवला होता, तो अजून सापडलेला नाही. त्यांची नजर माझ्यावर पडली. “तुम्ही! असे बाजूला काय उभे राहता? चिकटवा हे!” आणि त्यांनी माझ्या छातीवर पिवळा गोल कागद डकवला. “अडतीस!”

“बाई, मी इथलाच आहे. मला ओळखत नाही का? मी विल्फ.”

“इथलाच आहे म्हणे! अहो, प्रत्येक सहलीत एक विनोदी माणूस असतोच. चला, उशीर झालाय.”

मी निघून जाणार होतो. पण जायचं कुठे? आणि छत्री वर गेल्यावर सगळे चालू लागले, तसे माझेही पाय चालू लागले.

असं मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी विथबरी पाहिलं. आधी आम्ही अरुंद बोळ पाहिला. त्यात एका वेळी एकच माणूस मावतो. मी तिथून रोज दूध आणायला जातो, पण तो बघायचा असतो हे ठाऊक नव्हतं. मग आम्ही विथबरीचा पाव खाल्ला. त्यात जिरं आणि खारवलेली चरबी असते. गावातला कुणीही तो खात नाही, त्यामुळे तो ताजा कधीच नसतो. सहलीतल्या एकाने मला विचारलं, “इथले लोक हे रोज खातात का हो?” मी म्हटलं, “इथले लोक तुमच्यासाठीच ठेवतात.”

माझ्या शेजारून एक बाई चालत होत्या. हातात विणकामाची पिशवी, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. त्या म्हणाल्या, “मी मॉरीन क्लेग. रॉचडेलची. आमचे हे कुठेतरी रुसून बसलेत.”

“कशावरून रुसले?”

“ते मलाही सांगत नाहीत. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. सुट्टीला यायचं तर दरवर्षी तोंड एवढंसं. म्हणतात, मॉरीन, मला एक खिडकी आणि एक खुर्ची दे, आणि तू समोर बसू नकोस. आता मी समोर नाही बसायचं तर बोलायचं कुणाशी?”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तेवढ्यात आम्ही छपरावर पोचलो होतो.

छपराचा दोनशे सव्वीस पायऱ्यांचा जिना मी पुन्हा कधी चढणार नाही अशी शपथ घेतली होती. वर पार्मिंटरबाईंनी छत्रीने शिशाच्या पत्र्यावरचा एक ठसा दाखवला.

“सोळाशे अकरा साली सैतान कॅथेड्रल पाडायला इथे उतरला. प्रार्थनेचे सूर ऐकून तो पळाला, पण त्याच्या डाव्या पायाचा ठसा मागे राहिला.”

सगळे ‘आहा’ म्हणाले.

“बाई,” मी म्हटलं, “तो माझा पाय आहे.”

“प्रश्न शेवटी विचारावेत.”

“हा प्रश्न नाही. शिसं गरम होतं, मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझं लक्ष खाली पाववाल्याच्या मुलीकडे होतं. मुकादमाने माझ्या कानाखाली काढली होती.”

“आम्ही सैतान बघायला आलोय,” एक उंच गृहस्थ चिडून म्हणाले. “रविवारी आमच्या पाद्र्यांना सांगणार आहे मी.”

मी बूट काढला आणि पाय ठशात ठेवला. बोटाबोटाला बसला. एक म्हातारी दोन पावलं मागे सरली आणि तिने छातीवर क्रुसाची खूण केली. त्यानंतर जिना उतरेपर्यंत माझ्या पुढेमागे चार चार पायऱ्या रिकाम्या राहिल्या. फक्त क्लेगबाई शेजारून उतरत म्हणाल्या, “अहो, पायमोजा फाटलाय तुमचा. द्या इकडे संध्याकाळी.”

चार वाजता आम्ही शेवटच्या ठिकाणी आलो. बारा बांधवांचं घर. बिशपांच्या दिवशी पाहुण्यांना एक खोली उघडून दाखवतात, आणि नदी दिसते म्हणून ती नेहमी सात नंबरचीच असते. दाराला लाल दोरी लावलेली. पलीकडे माझी शेगडी, माझी किटली, माझी खुर्ची, आणि खुर्चीत तो. झगा अंगावर, पाय माझ्या पाटावर, डोळे नदीवर. चेहऱ्यावरचा कंटाळा पार गेला होता. दहा वर्षांनी तरुण दिसत होता, मेला.

“आणि हे,” पार्मिंटरबाई कुजबुजल्या, “एक खरेखुरे बांधव.”

“डेस्मंड!” क्लेगबाई म्हणाल्या.

तो दचकला. मग सावरून म्हणाला, “नमस्कार.”

“नमस्कार काय? ते काय घातलंयस? आणि बूट घालून पाटावर पाय?”

“बांधव पाहुण्यांशी बोलत नाहीत,” पार्मिंटरबाईंनी समजावलं. “त्यांना त्रास देऊ नका. ते घाबरतात.”

रेव्हरंड थ्रॉसल पाहुण्यांचं स्वागत करायला दाराशी उभे होते. त्यांनी मला पाहून मान दुसरीकडे वळवली. साडेपाचला दीड तास उरला होता. इतकी वर्षं मी रेव्हरंडना काही विचारलं की ते मऊ हात हलवून निघून जायचे, कारण बांधवाने आणि माजी बांधवाने रेव्हरंडना जाब विचारायचा नसतो. पण मग माझं लक्ष छातीवरच्या पिवळ्या कागदाकडे गेलं. पाहुण्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. त्यासाठीच त्यांना पगार आहे.

मी हात वर केला. “रेव्हरंड, एक प्रश्न. बांधवाला बायको असू शकते का?”

पाटीवरचा नववा नियम. मी अक्षरं साठीनंतर शिकलो आणि पहिल्यांदा ती पाटीच वाचून काढली, म्हणून तिच्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. बाकीच्यांनी ती कधी वाचलीच नव्हती, कारण त्यांना वाचता येत होतं.

रेव्हरंडचा रंग उडाला. “नाही,” ते म्हणाले. “बांधव अविवाहित किंवा विधुर असतो.”

“मग मी कोण?” क्लेगबाईंनी विचारलं.

सगळे रेव्हरंडकडे बघू लागले. त्यांची अडचण मला समजत होती. या बाई आहेत म्हणावं तर सातवरचा माणूस बांधव नव्हे, म्हणजे सकाळची मोजणी चुकली, म्हणजे कुरणापासून किटलीपर्यंत सगळं हॅलोमिन्स्टरला. त्यांनी घाम पुसला.

“बाई,” ते फार आर्जवाने म्हणाले, “आपण... नाही आहात.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे वारल्या आहात. कायमच्या नव्हे हो! वहीवर शिक्का बसेपर्यंत. आमच्या संस्थेच्या दृष्टीने. आपल्याला कुठे झोपावं वगैरे लागणार नाही.”

“मी वारले,” क्लेगबाई म्हणाल्या. त्यांनी डेस्मंडकडे बघितलं. “ऐकलंस? मी वारले म्हणतात. तू काही बोलणार नाहीस?”

डेस्मंड नदीकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. पण तो उठला नाही.

मला वाटलं, बाई रडतील. मी हात कशाला वर केला असं झालं. पण त्यांनी टोपी काढली, नीट घडी घालून पिशवीत ठेवली, लाल दोरी उचलली, खालून आत गेल्या आणि माझ्या खाटेवर बसून विणकाम काढलं.

“बाई, दोरीच्या आत येता येत नाही!” पार्मिंटरबाई ओरडल्या.

“जिवंत माणसांना,” क्लेगबाई म्हणाल्या. “डेस्मंड, खिडकी लाव. वारा येतोय.”

“मॉरीन, इथे बायकांना पाचनंतर राहता येत नाही,” डेस्मंड झगा चढवल्यापासून पहिल्यांदाच दोन शब्दांपेक्षा जास्त बोलला.

“कुठे आहे बाई? रेव्हरंड, तुम्हाला दिसतेय का कुणी बाई?”

रेव्हरंडना दिसतेय म्हणायची सोय नव्हती. नाही दिसत म्हणावं तर बाहेर कसं काढणार? त्यांनी सिरिलला बोलावलं. सिरिलने काठी आपटली, खोली न्याहाळली आणि म्हणाला, “इथे एक बांधव आहे. दुसरं मला काही सांगू नका, मला साडेपाचला मोजायचं आहे.”

पाच वाजत आले. बसचा भोंगा वाजला. आत क्लेगबाई विणता विणता बोलत होत्या. खाट त्या भिंतीला हवी. पडदा धुवायला झालाय. रॉचडेलच्या जेनीलाही हिवाळ्यात बोलवायचं, ती तर चार वर्षांपूर्वी खरंच वारली आहे, म्हणजे अडचण नाही.

“एकोणचाळीस वर्षं,” डेस्मंड खिडकीला म्हणाला. “वाटलं, एक वर्ष तरी. मेल्यावरही तू...”

“मेल्यावर तर मला वेळच वेळ आहे,” क्लेगबाई म्हणाल्या. “आधी स्वयंपाक तरी असायचा.”

तेव्हा तो उठला. फार सावकाश उठला. झग्याची बटणं काढायला त्याला वेळ लागला, मी दोरीपलीकडून हात पुढे करून उभा होतो. झगा माझ्या हातात देताना त्याने पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

“सकाळी कशी दिसते हो नदी?”

“धुकं असतं,” मी म्हटलं. “अकरापर्यंत काही दिसत नाही.”

“तेही चाललं असतं मला,” तो म्हणाला.

क्लेगबाईंनी विणकाम गुंडाळलं, खाटेवरची सुरकुती हाताने सपाट केली आणि बाहेर आल्या. रेव्हरंडनी त्यांच्याशी हात मिळवायला हात पुढे केला. त्या त्या हातातून आरपार गेल्यासारख्या पुढे निघून गेल्या. पार्मिंटरबाईंनी माझ्या छातीवरचा कागद ओढून काढला, डेस्मंडच्या छातीवर थापला आणि मोजलं. अडतीस. त्या अक्षरशः हुंदका देऊन हसल्या.

घंटा सुरू झाली होती. मी झगा चढवत ओवरीतून निघालो. रांग दारातून आत शिरत होती. ॲम्ब्रोझने माझी बाही चाचपली. “आलास? दुपारी जेवताना किती छान गप्प होतास.”

मी सातवर बसलो. घंटा थांबली. सिरिलने मोजलं आणि ‘बारा’ म्हटलं. वहीत नाव चढलं, लाख ओतली, तिचा वास आला. खोली माझी झाली. बिशपांसाठी प्रार्थना करायची होती, पण झगा अजून त्या माणसाच्या अंगाने गरम होता. गुबगुबीत माणूस, बराच वेळ बसला होता. रॉचडेल दोनशे मैल आहे आणि बसमध्ये क्लेगबाईंची जागा खिडकीकडची, हे त्यांनीच मला जिना उतरताना सांगितलं होतं.

झगा गार व्हायला पाऊण तास लागला. तोवर मी जागा होतो.